दुबईचा पर्यटक व्हिसा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

दुबईला जायचं ठरलं की घरात आधी विमानाच्या तिकिटांची चर्चा सुरू होते. व्हिसा काय, एजंट करून देईल, असं म्हणून तो विषय मागे पडतो. एजंट अर्ज भरून देतो हे खरं, पण अर्ज नाकारला गेला तर व्हिसाची फी परत मिळत नाही, आणि स्वस्तातलं तिकीट बहुतेक वेळा रद्द करता येत नाही. बहुतांश नकारांमागे पासपोर्ट, तिकीट आणि राहण्याचा पत्ता यांच्यातली एखादी विसंगती असते. ती घरबसल्या आधीच पकडता येते.

आधी हमीदार समजून घ्या

संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे यूएईचा, साधा पर्यटक व्हिसा वकिलातीत मिळत नाही. मुलाखत नसते, पासपोर्ट जमा करावा लागत नाही, पासपोर्टवर स्टिकरही चिकटवत नाहीत. ईमेलवर एक पीडीएफ येते, तोच व्हिसा.

हा अर्ज सहसा तुमच्या वतीने तिथलं कोणीतरी करतं: विमान कंपनी, हॉटेल, परवानाधारक पर्यटन कंपनी किंवा तिथे राहणारा तुमचा नातेवाईक. त्याला स्पॉन्सर म्हणतात. त्याची भूमिका हमीदाराची असते. तुम्ही मुदतीत परत गेला नाहीत तर त्रास त्यालाही होतो. गावातला एजंट हा बहुधा दुबईतल्या अशा एखाद्या कंपनीचा मधला माणूस असतो. एवढं लक्षात घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. एजंट कधी अनामत का मागतो, एकाच वेळी दोन ठिकाणी अर्ज का करू नये, जुन्या नोकरीचा व्हिसा रद्द झालेला नसेल तर नवा का अडतो, या सगळ्यांचं मूळ इथेच आहे.

दुबईपुरते अर्ज जीडीआरएफए हे तिथलं खातं बघतं. अबू धाबी, शारजा आणि बाकीच्या अमिरातींचं काम आयसीपी या संघीय प्राधिकरणाकडे आहे. पुढे व्हिसा खरा आहे की नाही हे तपासताना ही दोन नावं लागतील.

कोणता व्हिसा घ्यायचा

३० दिवसांचा आणि ६० दिवसांचा असे दोन नेहमीचे प्रकार आहेत. दोन्ही एकदाच प्रवेशाचे किंवा अनेकदा प्रवेशाचे मिळतात. आठवडाभराच्या सहलीला ३० दिवसांचा, एका प्रवेशाचा पुरतो. पण मधेच ओमानला किंवा आणखी कुठे जाऊन पुन्हा दुबईला यायचं असेल तर एका प्रवेशाचा व्हिसा पहिल्यांदा बाहेर पडताच संपतो. मुसंदमची सहल हे नेहमीचं उदाहरण. तो भाग ओमानचा आहे, त्यामुळे सहल ठरवण्याआधी व्हिसाचा प्रकार बघा. मुलाकडे किंवा मुलीकडे बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईवडिलांनी सरळ ६० दिवसांचा घ्यावा. ३० दिवसांचा घेऊन तिथे मुदत वाढवता येते, पण ते जास्त खर्चाचं पडतं.

पाच वर्षांचा, अनेकदा प्रवेशाचा पर्यटक व्हिसाही आहे. त्याला हमीदार लागत नाही, स्वतः अर्ज करता येतो. मात्र गेल्या सहा महिन्यांत बँकेत ४,००० अमेरिकी डॉलर किंवा तेवढी रक्कम शिल्लक असल्याचं दाखवावं लागतं. वर्षातून दोन-तीनदा जाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

काही जणांना आधी व्हिसा काढावाच लागत नाही. भारतीय पासपोर्टबरोबर अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपीय संघातल्या देशाचा चालू व्हिसा किंवा रहिवासी परवाना असेल तर पोहोचल्यावर १४ दिवसांचा व्हिसा मिळतो. फेब्रुवारी २०२५ पासून सिंगापूर, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाच्या रहिवासी परवानाधारक भारतीयांनाही ही सोय लागू झाली. १४ दिवसांची फी १०० दिरहम (यूएईचं चलन), आणखी १४ दिवस वाढवायचे तर २५० दिरहम. घरातल्या एकाकडे अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून सगळ्यांना मिळेल असं मात्र नाही. ज्याच्या पासपोर्टवर आहे त्यालाच मिळतो.

पासपोर्ट नीट वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पोहोचण्याच्या तारखेपासून पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा. मुलांच्या बाबतीत इथेच फसगत होते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाच वर्षांचा. आईवडिलांचे पासपोर्ट ठणठणीत आणि मुलाचा तीन महिन्यांत संपणारा, असं घरोघरी आढळतं. मुदत कमी असेल तर आधी नवा पासपोर्ट घ्या, मगच व्हिसाकडे वळा. ३६ पानी पासपोर्टची नेहमीची फी मोठ्या माणसाला १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी वर २,००० रुपये.

आता नाव. आपल्याकडे नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव अशी पद्धत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच पासपोर्टांत पहिली दोन्ही नावं ‘गिव्हन नेम’ या रकान्यात एकत्र असतात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. समजा, पासपोर्टवर ‘सुनीता रमेश’ आणि खाली ‘पाटील’ असं आहे. मग तिकिटावर नुसतं ‘सुनीता पाटील’ लिहू नका. व्हिसाच्या अर्जातही मधलं नाव गाळू नका. तिकीट, हॉटेल आणि अर्ज या तिन्ही ठिकाणी पासपोर्टमधल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे, अक्षर न् अक्षर तेच नाव हवं. आधार कार्डावर स्पेलिंग वेगळं असलं तर असू द्या, इथे पासपोर्टच प्रमाण.

लग्नानंतर नाव बदललं, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, अशा वेळी संपूर्ण प्रवास माहेरच्या नावानेच करा. जोडीला विवाह नोंदणीचा दाखला ठेवा. अर्धी कागदपत्रं एका नावाने आणि अर्धी दुसऱ्या नावाने, ही अवस्था सगळ्यात वाईट.

आडनावाचा रकाना रिकामा असेल, म्हणजे पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल, तर थांबा. २१ नोव्हेंबर २०२२ पासून असं एकेरी नाव पर्यटक व्हिसावर यूएईत चालत नाही. शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असल्यास काही प्रवाशांना पुढे सवलत मिळाली. पण चेक-इनच्या खिडकीवर वाद घालत बसण्यापेक्षा पासपोर्टच दुरुस्त करून घेणं शहाणपणाचं.

पासपोर्टची शारीरिक अवस्थाही बघा. पावसाळ्यात ओल लागून पानं फुगलेली, फोटोच्या पानाचा पापुद्रा सुटलेला, शिवण उसवलेली असेल तर तो खराब झालेला पासपोर्ट धरतात. व्हिसा मिळाला तरी विमानतळावर अडवू शकतात.

शेवटी ‘ईसीआर’चा शिक्का. दहावी पास नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर हा शेरा असू शकतो. यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन धरून १८ देशांत नोकरीला जाताना अशा व्यक्तीला परदेशगमनाची सरकारी परवानगी लागते. नुसत्या पर्यटनाला ती लागत नाही, पण इमिग्रेशनचा अधिकारी चौकशी नक्की करतो. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाच्या पैशांचा पुरावा छापील स्वरूपात हातात असू द्या.

कागद जमवा

पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान रंगीत स्कॅन करा. २०२५ च्या उत्तरार्धापासून पासपोर्टच्या बाहेरच्या मुखपृष्ठाचीही प्रत मागू लागले आहेत, तीही त्याच वेळी काढून ठेवा. मोबाइलने टिपलेला फोटो शक्यतो टाळा. एक तर ट्यूबलाइटची चकाकी नेमकी नावावर येते, नाही तर तळाच्या बाणांच्या खुणांच्या दोन ओळी कापल्या जातात. त्या ओळी यंत्र वाचतं. त्यांतलं एक अक्षर जरी कापलं गेलं तरी अर्ज परत येतो. झेरॉक्सच्या दुकानात सपाट काचेवर स्कॅन करून घेतलेलं उत्तम.

फोटो अलीकडचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय. जुन्या पासपोर्टातला फोटो कापून पाठवला की तो ओळखू येतो.

परतीचं पक्कं तिकीट आणि राहण्याचा पुरावा, या दोन गोष्टींकडे २०२४ च्या अखेरीपासून फार काटेकोरपणे पाहिलं जातं. त्या वेळी नियम कडक झाले आणि पूर्वी सहज निघणारे अर्जही नाकारले जाऊ लागले. हॉटेलच्या बुकिंगवर फक्त एकाचं नाव आणि पुढे ‘अधिक तीन पाहुणे’ असं चालवून घेऊ नका. हॉटेलला सांगून चौघांचीही नावं घालून घ्या. तारखा तिकिटाशी जुळायला हव्यात. रात्री उशिरा निघून पहाटे पोहोचणाऱ्या विमानात हॉटेलची तारीख एक दिवस चुकीची पडते, ही नेहमीची चूक.

‘डमी तिकीट देतो, तीनशे रुपयांत’ असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. बुकिंगचा क्रमांक तपासला जाऊ शकतो, आणि खोटा कागद दिल्याची नोंद तुमच्या पासपोर्टच्या नावावर राहते. त्याऐवजी रद्द करता येणारं हॉटेल बुकिंग आणि कमी दंडात बदलता येणारं तिकीट घ्या. चार पैसे जास्त जातील, पण कागद खरा असेल.

नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याच्या घराचा भाडेकरार, एमिरेट्स आयडीची (तिथल्या सरकारी ओळखपत्राची) प्रत आणि रहिवासी व्हिसाची प्रत लागते. भाडेकरार त्याच्याच नावावर हवा. चार मित्रांनी मिळून घेतलेल्या घरात करार एकाच्याच नावावर असतो, आणि उरलेल्या तिघांचे पाहुणे तिथेच अडकतात. नातेवाईक स्वतःच हमीदार होणार असेल तर त्याच्या पगाराचीही अट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार आईवडील, पत्नी, मुलं अशा पहिल्या फळीतल्या नातेवाइकांसाठी महिना ४,००० दिरहम, त्यापुढच्या नात्यांसाठी ८,००० आणि मित्रासाठी १५,००० दिरहम. नात्याच्या पुराव्यासाठी जन्माचा किंवा विवाहाचा दाखला लागतो. तो नुसता मराठीतला असेल तर महानगरपालिकेकडून इंग्रजी नोंद असलेला काढून घ्या.

याखेरीज पॅन कार्ड आणि तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट बहुतेक एजंट मागतात. स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आदल्या दिवशी एकदम मोठी रक्कम आलेली दिसू नये. मुदतीएवढा वैद्यकीय विमाही हवा. पॅकेजमध्ये तो धरलेला आहे का, हे लेखी विचारा.

अर्ज कुठून करायचा

विमान कंपनीकडून व्हिसा घेणं बहुतेकांना सोयीचं. एमिरेट्सच्या प्रवाशांसाठी व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज हाताळणाऱ्या कंपनीमार्फत चालणारं दुबई व्हिसा केंद्र आहे. एतिहाद, फ्लायदुबई, एअर अरेबिया याही कंपन्या आपल्या प्रवाशांना व्हिसा देतात. अट एवढीच की तिकीट त्याच कंपनीचं हवं. एमिरेट्सकडून व्हिसा आणि तिकीट दुसऱ्याचं, हे जमत नाही.

एजंटकडून घेत असाल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा. फी किती आणि त्यात विमा आहे का? नकार आला तर काय परत मिळेल? अनामत घेणार का, आणि ती परत कधी? हमीदार कंपनी कोणती? अनामत मागितली म्हणजे फसवणूक असं नव्हे. तरुण, एकटे, पहिल्यांदा जाणारे किंवा अर्ज नाकारला गेलेले, अशांकडून ती मागतात, कारण माणूस तिथेच राहिला तर दंडाचा भार हमीदारावर येतो. पण पावती घ्याच, आणि परतल्यावर कोणता कागद दाखवला की रक्कम मिळेल हे तिच्यावर लिहून घ्या.

एका एजंटला कागद दिले आणि दोन दिवसांत उत्तर नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेच दिले, असं अजिबात करू नका. एकाच पासपोर्टवर दोन अर्ज गेले की यंत्रणेत ते एकमेकांना अडवतात, आणि पुष्कळदा दोन्ही परत येतात. पूर्वी काढलेला पण न वापरलेला व्हिसा अजून चालू असेल तर तोही आधी रद्द करून घ्यावा लागतो.

कोकणातल्या आणि एकूणच आखातात राबून आलेल्या कुटुंबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तुम्ही पूर्वी तिथे नोकरीला होता आणि कंपनीने तुमचा रहिवासी व्हिसा रीतसर रद्द केला नाही, तर दहा वर्षांनीही पर्यटक व्हिसा अडू शकतो. पासपोर्ट बदलला तरी जुनी नोंद तशीच राहते. जुन्या पासपोर्टची आणि जुन्या व्हिसाची प्रत नव्या अर्जाबरोबर द्या आणि एजंटला आधी ती जुनी फाइल बंद आहे का हे बघायला सांगा.

किती दिवस आधी

साधारण तीन-चार कामाचे दिवस लागतात. १ जानेवारी २०२२ पासून यूएईत शनिवार-रविवार सुटी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं, शारजात शुक्रवारपासूनच सुटी. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी दिलेला अर्ज शुक्रवारच्या अर्ध्या दिवसात निघाला नाही तर थेट सोमवारी हलतो. ईदच्या सुट्यांत आणखी उशीर. तुमच्या नावाचं दुसरं कोणी सुरक्षा यादीत असेल तर छाननी लांबते, आणि तिथे एजंटचं काही चालत नाही.

व्हिसा निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत प्रवेश करावा लागतो, म्हणून फार आधीही काढू नये. प्रवासाच्या तीन ते चार आठवडे आधी अर्ज करणं योग्य. दिवाळी, नाताळ किंवा मे महिन्याच्या सुटीत चार आठवडेच धरा.

व्हिसा हातात आल्यावर

पीडीएफ उघडा आणि पासपोर्ट शेजारी ठेवून ताडून बघा: नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, किती प्रवेश, कधीपर्यंत प्रवेश. पासपोर्ट क्रमांकात शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ पडला असेल तर विमानात बसू देणार नाहीत. अशी चूक दिसली की त्याच दिवशी कळवा. दुरुस्तीलाही कामाचे दिवस लागतात.

मग खरेपणा तपासा. पीडीएफवरच्या प्रवेश परवान्याच्या क्रमांकाची सुरुवात २०१ ने असेल तर व्हिसा दुबईचा, तो जीडीआरएफएच्या संकेतस्थळावर दिसेल. १०१ म्हणजे अबू धाबी आणि ३०१ म्हणजे शारजा, ते आयसीपीच्या संकेतस्थळावर. एजंटने पाठवलेल्या लिंकवरून नव्हे, संकेतस्थळ स्वतः उघडून तपासा. काही विमान कंपन्या वेगळं ‘ओके टू बोर्ड’, म्हणजे व्हिसा आधी तपासून विमानात बसू देण्याची नोंद, मागतात. तुमच्या कंपनीला ते लागतं का, हे निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी विचारून घ्या.

व्हिसाच्या दोन छापील प्रती काढा. मोबाइलची बॅटरी रांगेतच संपते. माणशी ३,००० दिरहम रोख किंवा तेवढा खर्च करता येईल असं कार्ड जवळ असावं, काहींना ते दाखवायला सांगितलं जातं. भारतातून एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतचं परकीय चलन नोटांत नेता येतं, बाकी फॉरेक्स कार्डवर. भारतीय रुपये २५,००० पर्यंत.

बॅगेतली खसखस

व्हिसा असूनही माणूस तुरुंगात जाऊ शकतो, ते बॅगेतल्या वस्तूंमुळे. यूएईत खसखस बंदी असलेला पदार्थ आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. आपल्याकडे ती कुठे कुठे असते ते आठवा: अनारशांवर, करंजीच्या सारणात, काळ्या मसाल्यात, डिंकाच्या लाडवात. मुलाला फराळ न्यायचा तर चकली, शेव, बेसनाचे लाडू न्या. अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या घरीच ठेवा. मसाला घरचा असेल तर तो कशाकशाचा केला आहे हे आईला विचारा. विड्याची पानं आणि गुटखाही नको.

औषधांत कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप आणि ट्रामाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या यांना तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी लागते. रक्तदाब, मधुमेहाची नेहमीची औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका.

पर्यटक व्हिसावर नोकरी

‘आधी फिरायच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देतो’ असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. पर्यटक व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. पगार बुडाला तर तक्रार करायलाही आधार राहत नाही. आखातात नोकरी देणारा भारतातला एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. दीड-दोन लाख मागणारा माणूस या नियमाबाहेरचा आहे. मुंबईत यासाठी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करता येते.

परतीची तारीख

दिवस मोजताना प्रवेशाचा दिवस पहिला धरा. ५ नोव्हेंबरला उतरलात तर ३० दिवसांच्या व्हिसाचा शेवटचा दिवस ४ डिसेंबर. दुबईहून मुंबईची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ‘४ तारखेच्या रात्रीचं’ म्हणून घेतलेलं तिकीट प्रत्यक्षात ५ तारखेचं असतं. मुदतीनंतर दिवसाला ५० दिरहम दंड आहे, आणि पूर्वी मिळणारी दहा दिवसांची सवलत २०२३ पासून बंद झाली. म्हणून परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधीचं घ्या. विमान रद्द झालं तरी हातात वेळ राहतो.

परत आल्यावर बोर्डिंग पास आणि बाहेर पडल्याचा शिक्का असल्यास त्याचा फोटो एजंटला पाठवा, म्हणजे अनामत सुटते. प्रवासच रद्द झाला असेल तर न वापरलेला व्हिसा रद्द करायला त्याच हमीदाराला लेखी सांगा आणि रद्द झाल्याचा कागद मागून घ्या. पुढच्या वेळी अर्ज करताना तो लागेल.